डाव्या हाताचे काका

पहिल्याच भेटीत त्यांनी माझ्यापुढे डावा हात केला. माझा उजवा आधीच निघाला होता, त्यामुळे क्षणभर आम्ही दोघं फुगडी घालायच्या बेतात असल्यासारखे उभे राहिलो. “स्काउट डावाच हात देतो. हृदयाच्या बाजूचा,” त्यांनी खुलासा केला. पुढे कळलं की मुलीच्या साखरपुड्यात त्यांनी व्याह्यांनाही डावाच हात दिला होता, आणि विहीणबाई तो विषय अजून काढतात.

माजी स्काउट हा प्रकार जवळपास प्रत्येक शाळेच्या वाट्याला येतो. वय पासष्टच्या पुढे. बँकेतून, पोस्टातून नाहीतर रेल्वेतून निवृत्त. शाळेत असताना राष्ट्रपती पुरस्कार मिळालेला, किंवा थोडक्यात हुकलेला. हुकलेले जास्त कडक. पथक चालवायला शाळेचे सर असतातच. काका फक्त ‘मदतीला’ येतात. काका आले की सर चहाला जातात.

आता मुलांचा शर्ट राखाडी आणि पँट निळी आहे, पण काकांची निष्ठा खाकीवर. ती हाफ पँट त्यांनी एकदा दोन्ही बाजूंनी पट्ट्या लावून वाढवून घेतली आहे, आणि मूळ कापड कुठे संपतं ते उन्हात स्पष्ट दिसतं. पट्ट्याचं बक्कल मात्र असं लखलखतं की त्यात बघून दाढी करावी. ‘खरी कमाई’साठी मुलं घरोघर काम मागत त्यांच्याकडे गेली, तर त्यांनी बक्कलंच घासायला दिली. एक नव्हे, सात. दहा रुपये दिले, तेही बक्कल नाकाशी धरून तपासल्यावर.

१९०७ साली बेडन-पॉवेल वीसेक मुलं घेऊन इंग्लंडमधल्या ब्राउनसी बेटावर तंबू ठोकून राहिले आणि तिथून ही चळवळ सुरू झाली, ही हकिकत काका अशी सांगतात की त्या वीसात एक आपणही होतो आणि तंबूत जागा अंमळ कमीच होती. तिथे मुलांना कुडू हरणाच्या शिंगाचा कर्णा फुंकून उठवत असत. आपल्याकडे कुडू नाही. म्हणून शिबिराला काका देव्हाऱ्यातला शंख आणतात. काकू दोन दिवस पूजेला घंटेवर भागवतात.

रोज एक तरी सत्कृत्य करायचं, हा स्काउटचा जुना दंडक. त्याची आठवण राहावी म्हणून काका सकाळी स्कार्फच्या टोकाला गाठ मारतात. सत्कृत्य झालं की सोडायची. निवृत्त माणसाला रोज ताजं सत्कृत्य मिळणं किती अवघड आहे, ते त्यांच्या सोसायटीला विचारा. संध्याकाळी सहानंतर गाठ तशीच दिसली की माणसं हातातल्या पिशव्या पाठीमागे लपवून जिना चढतात. शेवटी तिसऱ्या मजल्यावरच्या एक काकू आठच्या सुमाराला रिकामी पिशवी घेऊन मुद्दाम खाली उतरतात, काका ती वर नेऊन देतात, गाठ सुटते आणि दोन्ही घरी पानं वाढली जातात. यात सत्कृत्य नक्की कोणाचं, हे कोणी विचारत नाही.

दरवर्षी पथकातल्या दोन-तीन मुलांना गणवेश परवडत नाही. त्यांचं कपड्यांचं बिल दुकानात कोणीतरी भरून गेलेलं असतं. दुकानदार नाव सांगत नाही, पण “गाठवाले” म्हणून हसतो. नवल म्हणजे त्या दिवशीही काका संध्याकाळी पिशवी शोधत असतात. बिल ते हिशेबात धरतच नाहीत.

गेल्या वर्षी पालक म्हणून मीही शिबिराला गेलो. कर्जतजवळ माळरान, चार तंबू, बिनभांड्याचा स्वयंपाक. शेकोटीचा नियम असा की ती दोन काड्यांत पेटली पाहिजे. काकांनी काटक्या रचल्या, खाली बारीक, वर जाड, वाऱ्याकडे तोंड. पहिली काडी वाऱ्याने गेली. दुसरी ओली निघाली. मुलं श्वास रोखून बघत होती. तिसरी काडी कुठून आली ते मी पाहिलं, पण पालकांनी काही गोष्टी बघायच्या नसतात. मग त्यांचं भाषण झालं: मुलांचे छोटे संघ करा, त्यांचा नायक त्यांच्यातलाच असू दे, मोठ्यांनी लांब राहावं, हीच तर सगळी मेख आहे! हे बोलता बोलता त्यांनी एका संघनायकाच्या हातातला दोर काढून घेतला होता. “ही क्लोव्ह हिच आहे की शेवया?”

रात्री अकराला सगळे झोपल्यावर काका तोंडात टॉर्च धरून उठले आणि चारही तंबूंचे ताण सैल करत फिरले. सुती किंवा तागाचा दोर भिजला की आखडतो आणि खुंट्या उपटून काढतो, म्हणून जाणता स्काउट झोपण्याआधी ताण सैल करतो. ज्ञान सोळा आणे खरं. फक्त दोर नायलॉनचे होते. निळेभोर, हार्डवेअरच्या दुकानातले. नायलॉन भिजून आखडत नाही, उलट थोडा सैलावतोच.

दोनला अवकाळी पाऊस आला. तंबू एकामागून एक दमलेल्या म्हशीसारखे खाली बसले. मुलं खिदळत बाहेर आली. शेवयांचा तो संघनायक, वय वर्षं तेरा, पुढे झाला. कोणी खुंट्या धरल्या, कोणी दोर ओढले, आणि पंधरा मिनिटांत तीन तंबू उभे. चौथ्यात काका शिट्टी शोधत होते. आतून एकसारख्या सूचना येत होत्या. पावसात कोणाला ऐकू जात नव्हत्या. शेवटी तोही तंबू त्यांच्यासकट उभा राहिला. काकांनी बाहेर येऊन गाठी चाचपल्या. बराच वेळ चाचपल्या. “शीपशँक बरी आहे,” म्हणाले.

निरोपाच्या दिवशी त्यांचं समारोपाचं भाषण सुरू झालं. मध्येच मागे वळून ते नकाशा काढायला पिशवीत वाकले. वाकलेले असताना, ताण आणि दोर यांवर, चांगली दहा मिनिटं बोलले. वळले तेव्हा समोर फक्त मी. बस सुरू झाली होती. मुलं बसली होती तिथे जमिनीवर खडे मांडून एक वर्तुळ केलं होतं आणि आत एक खडा. काकांनीच शिकवलेली वाटाड्याची खूण: मी घरी गेलो.

काका गुडघ्यावर बसले. मला वाटलं, लागलं म्हाताऱ्याला. त्यांनी खिशातून दोरीचा तुकडा काढला, वर्तुळ आडवं मापलं, उभं मापलं, आणि आतला खडा बोटभर डावीकडे सरकवला.