साक्षांकित काका

कोथरूडच्या आमच्या सोसायटीत, बी विंगच्या तळमजल्यावर, जर्मनीची एक अनधिकृत वकिलात आहे. तिचा सगळा कारभार काका एकहाती बघतात. काकांना नाव-आडनाव आहे, पण ते फक्त लाइट बिलावर. सिंचन खात्यातून निवृत्त झाले आणि धाकट्याच्या एमएसच्या निमित्ताने जर्मन विद्यापीठांच्या प्रवेशात शिरले. धाकटा आखेनला गेला, शिकला, नोकरीला लागला, लग्न करून मोकळाही झाला. काका अजून प्रवेशातच आहेत.

सोसायटीतलं कोणतंही पोर इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षात गेलं की आई त्याला काकांपुढे आणून उभं करते. काका "बस" म्हणायच्या आधी "पासपोर्ट?" म्हणतात. मग चष्मा कपाळावरून नाकावर येतो आणि दहावीची गुणपत्रिका नि पासपोर्ट शेजारी शेजारी ठेवले जातात. मराठी माणसाची खरी परीक्षा इथेच असते. गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव. पासपोर्टात वडील मधे येऊन बसलेले. त्यात वडील एका कागदावर एका 'आय'चे दिलीप, तर दुसऱ्यावर दोन 'ई'चे. काकांचा चेहरा उजळतो. "प्रतिज्ञापत्र लागणार!" मग पंचावन्न वर्षांचे दिलीपराव स्टँप पेपरवर शपथपूर्वक लिहून देतात की हेही मीच आणि तेही मीच. सही करताना त्यांचा हात जरा अडखळतो. काका धीर देतात, "करा, करा. एकदा नोटरी झाली की तुम्हालाही शंका राहणार नाही."

काकांचं दुसरं शस्त्र म्हणजे बव्हेरियन सूत्र. आपले गुण जर्मन मापात बसवायचे ते गणित त्यांना तोंडपाठ आहे. कमाल गुणांतून मिळालेले वजा, त्याला कमाल वजा उत्तीर्ण होण्यापुरत्या गुणांनी भागा, तीनने गुणा, एक मिळवा. जर्मनीत एक म्हणजे सर्वोत्तम आणि चार म्हणजे काठावर पास. ही उलटी गंगा काका आधी समजावून सांगत नाहीत. सी विंगमधल्या वहिनी पेढे घेऊन आल्या होत्या. लेकाला दहापैकी ८.२ मिळाले होते. काकांनी पेढा तोंडात टाकला, हिशेब मांडला आणि जाहीर केलं, "वहिनी, तुमचा मुलगा १.९ आहे." वहिनींच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. ते आनंदाश्रू असावेत, असं काका समजले. तेव्हापासून काका सगळ्यालाच जर्मन श्रेणी देतात. सोसायटीच्या गणपतीतल्या नाटकाला २.३, नव्या वॉचमनला ३.७. आणि काकूंच्या उकडीच्या मोदकांना १.३, कारण पूर्ण एक दिला तर सुधारणेला वाव राहत नाही.

हेतुपत्र, म्हणजे मुलांच्या भाषेत एसओपी, हा प्रांत मात्र काकांना तितकासा रुचत नाही, कारण त्यावर शिक्का मारता येत नाही. तरी ते तपासून देतात. प्रत्येक पत्रात लहानपणी घरातला रेडिओ उघडून बघितलेला असतो. "अरे, तुझा जन्म २००२ चा. घरात रेडिओ होता कुठे?" असं विचारून ते रेडिओ खोडतात आणि मिक्सर लिहायला लावतात. शिफारसपत्रांबाबत त्यांचा सल्ला स्वच्छ आहे: मजकूर आपण न्यायचा, सरांची फक्त सही घ्यायची. "सरांना लिहायला सांगू नकोस. ते खरं लिहितील."

१ नोव्हेंबर २०२२ पासून भारतीय विद्यार्थ्यांना जर्मन व्हिसासाठी एपीएसचं प्रमाणपत्र सक्तीचं झालं. तुमची कागदपत्रं अस्सल आहेत का, हे दिल्लीत तपासून घ्यायचं. फी १८,००० रुपये. पालक हादरले, काका तरतरीत झाले. "आता कुठे जरा रंगत आली," म्हणाले. ब्लॉक्ड अकाउंटचंही तेच. वर्षाच्या खर्चाचे ११,९०४ युरो आधीच खात्यात अडकवून ठेवायचे आणि तिकडे गेल्यावर महिन्याला ९९२ काढायचे. "काका, आपलेच पैसे आपल्यालाच हप्त्याने?" एका बापाने कळवळून विचारलं. "पेन्शन समजा हो! बाविसाव्या वर्षी सुरू होतेय पोराची, आणखी काय पाहिजे?"

ज्या प्रवेशाला कागद कमी, त्याबद्दल काकांना आदर वाटत नाही. एकदा गच्चीवर आनंदीबाई जोशींचा विषय निघाला. १८८३ साली अठराव्या वर्षी फिलाडेल्फियाच्या वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश, १८८६ साली डॉक्टर. सगळे भारावले होते. काका म्हणाले, "बाई मोठीच. पण पत्र लिहिलं आणि प्रवेश मिळाला! ना आयईएलटीएस, ना ट्रान्सक्रिप्ट. हल्ली जमलं असतं का?" विद्यापीठाचं सीलबंद पाकीट, त्याच्या जोडावर अर्धा वर नि अर्धा खाली उमटलेला गोल शिक्का, यांच्याशिवाय माणूस डॉक्टर होतो, हे त्यांना आजही पटलेलं नाही.

२०२४ मध्ये ए विंगमधल्या आजींकडे हायडेलबर्गची एक मुलगी वर्षभरासाठी भाडेकरू म्हणून आली. पुण्यात राहून मराठी शिकणार होती. पोरगी बॅग उघडते न उघडते तोच काका हजर. परदेशी पाहुणा घरात उतरला की २४ तासांत 'फॉर्म सी' भरायचा, हे आजींना त्यांनीच सांगितलं आणि भरूनही दिला. मग तिची चौदा दिवसांच्या आत करायची नोंदणी, भाडेकरार, संस्थेचं बोनाफाइड, फोटोंची पांढरी पार्श्वभूमी. आपल्या देशानेही याबाबतीत मुळीच कसूर ठेवलेली नाही, हे बघून काकांचा ऊर भरून आला. "बघ, आम्हीही काही कमी नाही!"

"हो काका," ती आपल्या नव्याकोऱ्या मराठीत म्हणाली, "पण इथे कशासाठी आले, ते मला कोणी विचारलंच नाही."

"व्हिसावर आहे की ते."

तिने चहाचा घोट घेतला. "आणि तुमचा मुलगा आखेनला काय शिकला?"

काकांनी कपाटातून धाकट्याची फाइल काढली. तिला रंगीत खुणा लावलेल्या होत्या. एपीएसच्या आधीच्या जमान्यातली, तरी एकूण एक कागद प्लॅस्टिकच्या पाकिटात. त्यांनी पानं पुढे उलटली, मागे उलटली, अनुक्रमणिकेवर बोट फिरवलं. मग चष्मा कपाळावर सरकवून निर्धास्तपणे म्हणाले, "विषयाचा रकाना मी स्वतः तपासला होता. स्पेलिंग अगदी बरोबर होतं."