लांब सरका!

सोलापुरात पाऊस बेताचाच पडतो, पण गाडी रुतवायला कमी पडला असं कधी झालेलं नाही. सप्टेंबर अर्धा सरतो, परतीच्या सरी सुरू होतात आणि मंगळवेढा, मोहोळ, दक्षिण सोलापूरकडची काळी राने आपला खरा स्वभाव दाखवतात. उन्हाळ्यात जिच्या भेगांत हात जातो तीच माती पाणी पिऊन फुगते, टायरच्या नक्षीत बसते, आणि ड्रायव्हर जितकी रेस देईल तितकी गाडी खाली जाते. या मोसमात दोघांच्या तोंडावर तेज येतं. एक ट्रॅक्टरवाला आणि दुसरे टिरफॉर अण्णा.

अण्णा एकटे नाहीत, हा एक वर्ग आहे. बाळे भागात एखादा असतो, विजापूर रोडला असतो, अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत तर दोन, आणि त्यांचं एकमेकांशी पटत नाही. आमचे अण्णा वीज मंडळात लाइनमन होते. 2005 साली मंडळाचे तुकडे होऊन महावितरण झालं, पण अण्णांच्या लेखी ते अजून मंडळच. खांब उभे करण्यात आणि तारा ताणण्यात जन्म गेल्यामुळे ताणलेली कुठलीही वस्तू दिसली की ते आधी दोन पावलं मागे सरतात. लग्नाच्या मांडवाच्या दोरीलासुद्धा ते वळसा घालून जातात.

निवृत्तीनंतर लोक तीर्थयात्रा करतात. अण्णांनी हाताने ओढायचं टिरफॉर यंत्र घेतलं. स्वतःची गाडी म्हणाल तर स्कूटर, आणि ती चिखलात कधीच जात नाही.

हे यंत्र काय असतं, हे ते चहा गार होईपर्यंत सांगतात. आत दोन जबडे. विहिरीवर पोहरा ओढणारी बाई एका हाताने दोर धरून ठेवते आणि दुसऱ्याने पुढचा दोर पकडते, तसे हे जबडे आळीपाळीने तारेचा दोर धरतात. दांडा पुढे-मागे करत राहायचा, गाडी बोटाबोटाने सरकते. दोर ड्रमवर गुंडाळायचा नसल्यामुळे हवा तेवढा लांब घेता येतो. मात्र दोर यंत्राचाच हवा. बाजारातली दुसरी तार घातली तर जबड्यातून सटकते. "आणि सटकली की काय होतं?" असं नव्या माणसाने विचारायचं असतं. जुने लोक विचारत नाहीत, कारण उत्तराला पाऊण तास लागतो.

अण्णांबरोबर खरेदीला जाणं हा धडाच आहे. थार घेतलेली दोन पोरं त्यांना मधल्या मारुतीकडच्या एका हार्डवेअरच्या दुकानात घेऊन गेली. दुकानदाराने चकचकीत रॅचेटचा पुलर काढला. "चार टनी आहे अण्णा, स्वस्तात देतो." अण्णांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला.

"चार टन एका पदरात का दोन पदरांत?"

दुकानदार गप्प. कप्पीतून दोर दुहेरी करून भरणारा आकडाच खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापायचा, ही या धंद्यातली जुनी चलाखी. एका पदरात तो दोनच टनी निघाला. मग अण्णांनी दात पाहिले, खटका पाहिला, हुकाची जीभ परत मिटते का पाहिलं. ड्रमवर तार किती मावते ते मोजलं. "तीन मीटर. म्हणजे गाडीच्या नाकापुढंच झाड पायजे. मंगळवेढ्याच्या रानात झाड बघितलाव कुठं?"

चेन पुली दाखवली, तर ती बोअरची मोटर वर काढायची. टांगून चालवायची वस्तू. चिखलात आडवी टाकली की साखळीचा गुंता सोडवताना दिवस मावळतो. लिव्हरवाला चेन ब्लॉक त्यांना पसंत पडला. तो कसाही, आडवा-उभा चालतो. पण साखळी तोकडी. शॅकल उचलले तर त्यावर भार कोरलेला नव्हता. "ज्याच्या अंगावर आकडा न्हाई, ते पडदा टांगायला वापरायचं." शेवटी पोरांनी दोन शॅकल घेतले, सव्वातीन टन असं स्पष्ट कोरलेले, आणि झाडाला लावायला एक रुंद पट्टा. दुकानदाराने परत कधी अण्णांना स्टूल दिलं नाही.

या वर्गाचं दुःख एकच: त्यांची तयारी पूर्ण होण्याआधी ट्रॅक्टर येतो. अण्णा गाडीभोवती फिरून गणित मांडत असतात. चाक अर्धं बुडालं तर गाडीच्या वजनाइतका जोर, मडगार्डपर्यंत दुप्पट, केबिनपर्यंत गेली तर तिप्पट. म्हणून आधी खोरं घ्या, चाकापुढची माती काढा, बरंच ओझं तिथंच उतरतं. तोवर कुणाचा तरी भाचा पंचेचाळीस घोड्यांचा ट्रॅक्टर घेऊन हजर. साखळी बंपरला, एक हिसका, बंपर रस्त्यावर, गाडी जागेवर. पाचशे रुपये.

अण्णा तरीही जातात. कारण खरं काम त्यांच्या यंत्राचं नाहीच, त्यांच्या आवाजाचं आहे. "लांब सरका!" हा आवाज खांबावरून खाली पोचण्यासाठी घडलेला आहे. रुतलेल्या गाडीभोवती आपल्याकडे जेवढी माणसं जमतात तेवढी ग्रामसभेला जमत नाहीत, आणि ती सगळी नेमकी ताणलेल्या दोराच्या दोन्ही अंगांना उभी राहतात. नायलॉनचा सोल रबरासारखा ताणतो. तो तुटला किंवा हूक निसटला तर टोकाचं लोखंड गोळीसारखं येतं. अण्णा दोराच्या लांबीपेक्षा जास्त अंतरावर माणसं हाकलतात आणि दोराच्या मध्यावर जाड सोलापुरी चादर दुमडून टाकतात. तार तुटलीच तर उसळी थोडी खाली दबते. चादरीला भौगोलिक मानांकन मिळालं ते या उपयोगासाठी नव्हे, हे खरं. पण पाहुण्यांच्या गादीवर पडून राहण्यापेक्षा तिचं चीज इथंच होतं, असं मला वाटतं. अण्णांच्या बायकोला, म्हणजे काकूंना, वाटत नाही.

दोर कुठे बांधायचा, यावर तर महाभारत. गर्दीतून पहिली सूचना येते ती विजेच्या खांबाची, आणि तिथे अण्णांचा तोल जातो. "मंडळाचा खांब हाय तो!" दुसरी सूचना बोअरच्या केसिंगची, त्यावर शेतकरीच काठी शोधायला लागतो. झाड नसेल तर स्टेपनी पुरायची, ओढीला आडवा चर खणून, चांगली कंबरभर खोल. हा उपाय ऐकल्यावर गर्दी आपोआप विरळ होते.

गेल्या ऑक्टोबरात मात्र अण्णांचा दिवस उगवला. मंगळवेढ्याच्या अलीकडे, ज्या मातीतल्या ज्वारीला 2016 साली मानांकन मिळालं त्याच मातीत, एक बोलेरो ओढ्याच्या उतारावर बसली. ट्रॅक्टर आला. हिसका दिला. आणि ट्रॅक्टरच मागच्या चाकांनी भोक पाडत एक्सलपर्यंत खाली गेला. दुसरा ट्रॅक्टर पलीकडच्या काठावर होता, आणि ओढ्याला पाणी. पाच मिनिटं कुणी बोललं नाही. मग सगळ्यांनी अण्णांकडे पाहिलं.

बांधावर एक लिंब होता. त्याला पट्टा, पट्ट्याला शॅकल, शॅकलला यंत्र. ट्रॅक्टरला कप्पी, दोराचं टोक परत लिंबाला. यंत्र सोळाशे किलो ओढीचं, कप्पीने जोर जवळजवळ दुप्पट, झाडावरही तितकाच. लिंब जुना होता, अण्णांनी त्याला दोनदा थोपटून पाहिलं. चादर पडली. माणसं लांब सरकली. दांडा हलायला लागला.

वीसेक हेलकाव्यांनंतर 'टक' आवाज झाला आणि दांडा सैल पडला. दोर मात्र जबड्यात घट्ट होता, ट्रॅक्टर तसूभरही मागे गेला नाही. लोक हसले. अण्णा उलट खूष. दांड्यातली पिन तुटायलाच असते. जास्त ओढ आली की आधी ती मोडते आणि दोर, यंत्र, माणूस वाचतात. ओढ कशाने वाढली, हे बघायला ते ट्रॅक्टरवर चढले. गाडी गिअरमध्ये होती.

"गिअरमध्ये ठेवलास व्हय रे?"

"मागं जाईल म्हणून, अण्णा."

ट्रॅक्टरवाला भला माणूस. चूक सुधारायला त्याने खिशातून चार इंची खिळा काढला. "पिन कशाला, हे घाला की. कधी तुटायचं न्हाई."

अण्णांनी त्याच्याकडे असं पाहिलं की लिंबावरचे कावळे उडाले. मग ते शांतपणे धोतराच्या फडक्यात यंत्र गुंडाळायला लागले. पाया पडणं झालं, सरपंचांना फोन झाला, शेंगाचटणी आणि कडक भाकरी पुढे आली. भाकरी संपल्यावर त्यांनी चंचीतून कंपनीची पिन काढली. चंचीत तंबाखू कमी आणि पिनाच जास्त असतात. खिळा मात्र त्यांनी ट्रॅक्टरवाल्याकडून मागून घेतला आणि ओढ्यात फेकून दिला.

दिवेलागणीला ट्रॅक्टर कडक जमिनीवर आला. टाळ्या झाल्या, फोटो झाले. घरून फोन आला तसा ट्रॅक्टरवाला आणखी कुणाचं काही ऐकायच्या आत निघून गेला. गर्दीही पांगली. मग बोलेरोवाल्याने खाकरून विचारलं, "आणि आमचं, अण्णा?"

मघापासून त्याची गाडी कुणाच्या ध्यानातच नव्हती. अण्णांनी चादर झटकली, विजेरी पेटवली आणि चिखल मडगार्डच्या कितपत वर आहे ते बघायला उतारावरून खाली गेले. गणित पुन्हा पहिल्यापासून मांडायचं होतं, आणि आता एकही ट्रॅक्टर येणार नव्हता, या विचाराने ते चक्क शीळ घालत होते.