६९ टक्क्यांचे साहेब

मांडवा, आवास, किहीम या पट्ट्यात शुक्रवारी संध्याकाळी उतरणाऱ्या बंगलेवाल्यांत ही जात हल्ली हमखास भेटते. भाऊच्या धक्क्यावर गाडी रो-रोत चढवायची, तासाभराने मांडव्याला उतरवायची आणि बंगल्यात पाऊल टाकताच केअरटेकरला विचारायचं, "किती दाखवतंय?" उत्तर ६९ आलं तर चहा. ७४ आलं तर चहा राहिला बाजूला.

चौकशी असते एका लाकडी पेटीची. तिच्यात सिगारी. परदेशातून येताना माणशी २५ करमाफ आणता येतात, म्हणून जन्मात तपकीरही न ओढलेल्या सासूबाईंच्या नावावरही २५ आलेल्या असतात. या ऐवजाला ६५ ते ७० टक्के आर्द्रता लागते. कोरडी पडली तर वरचं पान तडकतं. ओली झाली तर धड पेटत नाही आणि शेवटी बुरशी धरते. तशी ती धरली की साहेब म्हणतात, ही बुरशी नव्हे, पानातलं तेल फुलून आलंय. जुलैत त्यांच्या चामडी पट्ट्यावरही तेच तेल फुललेलं असतं.

मुळात या पेटीचा जन्म ओल धरून ठेवण्यासाठी. सगळे सल्ले पेटीत पाणी कसं राखावं याचेच. अलिबागच्या पावसात, जिथे ताटात वाढलेला पापड आमटी येईपर्यंत सादळतो, तिथे हे ज्ञान उलटं धरून वाचावं लागतं.

साहेबांचा जीव मात्र काट्यात. आर्द्रतामापक खरं बोलतो की नाही, हे तपासायची रीत साधी आहे: झाकणात मीठ घ्यायचं, भिजेल इतपतच पाणी घालायचं, मापकासकट ते हवाबंद डब्यात रात्रभर ठेवायचं. सकाळी काटा ७५वर हवा. यासाठी साहेब मुंबईहून गुलाबी मीठ आणतात. पेणची मिठागरं जवळच, तिकडे बघतही नाहीत. स्वयंपाकघरात केअरटेकरची बायको बरणी उघडते आणि सांगते, "मिठाला पानी सुटलंय." मीठ ७५ टक्क्यांच्या वरच हवेतलं पाणी ओढू लागतं, म्हणजे बाईंचं मापन बिनचूक. पण बरणीला काटा नाही, त्यामुळे ते नोंदवलं जात नाही.

अलिबागला मोजमापाची परंपरा थोर आहे, हे साहेब पाहुण्यांना आवर्जून सांगतात. मुंबईत विजेच्या ट्राम येणार, त्यांनी नोंदी बिघडतील, म्हणून कुलाब्याची चुंबकीय वेधशाळा १९०४ साली इथे हलवली. सांगण्याचा सूर असा, की त्या कार्याचा पुढचा टप्पा म्हणजे ही पेटी. ३ जून २०२०च्या निसर्ग वादळात वीज गेली ती गावोगाव कित्येक दिवस आलीच नाही. टाळेबंदीत मुंबईला अडकलेल्या साहेबांनी फोन लागल्यावर आधी पेटीचं विचारलं. उडालेली कौलं आणि आडवे झालेले माड मागाहून.

मग एकदा सिगारीला भोक दिसतं. टाचणीने टोचावं तसं, गोल. पारा पंचविशीच्या वर राहिला की तंबाखूतली अंडी उबतात आणि दोन-तीन मिलिमीटरचा तपकिरी भुंगेरा बाहेर पडतो. साहेब हादरतात, त्याचं लॅटिन नाव घेतात. केअरटेकरची आई भिंग न लावता निवाडा देते: "ह्यो तं हलदीतला किरा!" आणि तो तोच असतो. हळद, धणे, मिरची, त्याला काही वर्ज्य नाही. उपाय म्हणून सिगारी पिशव्यांत बांधून फ्रीझरमध्ये, सुरमईच्या शेजारी.

शेवटी हुकूम निघतो: पेटीच्या खोलीतला एसी चोवीस तास चालू. साहेब येणार महिन्यातून दोनदा, पण बंगल्यात कोरडी जागा म्हणून उरते ती तेवढीच. केअरटेकरच्या आईने मे महिन्यातच आगोट भरून ठेवलेली असते. पापड, मसाला, सोडे, बोंबील, सुकट... हे सगळं सादळू द्यायचं की काय? डबे मुकाट्याने त्या खोलीत जातात. एका डब्याचं झाकण जरा सैल असतं, आणि तंबाखू शेजारचा वास फार लवकर उचलते.

ऑगस्टमध्ये मुंबईचे पाहुणे येतात. साहेब पेटी उघडतात, काटा ६९वर. एक जाणकार सिगार नाकाखालून फिरवतो, डोळे मिटतो आणि म्हणतो, "यात समुद्र आहे हो."

"असणारच," साहेब म्हणतात, "क्युबा बेटच आहे ना."