दाजींचे आटे

आमच्या दाजींना गाडी चमकवायची नसते. एवढी साधी गोष्ट कळायला मला बारा वर्षं लागली, आणि बॉनेटवरचा ओंजळभर रंग.

दाजी म्हणजे थोरल्या ताईचे यजमान. उभी हयात नागापूर एमआयडीसीत फिटर म्हणून गेली. आता केडगावात घर, घरापुढे पत्र्याची शेड आणि शेडमध्ये सात ग्राइंडर. त्यातले चालू दोन. उरलेले पाच 'स्पेअरला' ठेवलेत, म्हणजे ताईच्या भाषेत भंगार. असा एखादा दाजी नगरमध्ये गल्लीगणिक सापडतो, आणि त्यात त्यांचा तरी काय दोष? ज्या गावानं लुना बनवली, जिथं लष्करी वाहनांवर संशोधन करणारी व्हीआरडीई आहे आणि ज्या जिल्ह्यात साखर कारखान्यांमुळे फिटर-टर्नर घरटी एक निघतो, तिथं हातात पाना घेऊनच माणूस जन्माला येणार. गावाचं नाव अहिल्यानगर झालं, पण दाजींच्या शेडमधल्या पत्र्याच्या डब्यांवर अजून 'नगर स्पेअर' असंच खडूनं लिहिलेलं आहे.

पाहुणे आले की दाजी त्यांना टँक म्युझियम दाखवायला नेतात. १९९४ पासून ते उघडं आहे आणि तेव्हापासून दाजी जात असावेत. लोक रणगाड्यापुढे उभे राहून फोटो काढतात, दाजी मागं जाऊन बोल्ट मोजतात. एकदा तोंडातल्या तोंडात म्हणाले, "एवढं धूड, पण चमक कशी ती नाही."

"दाजी, रणगाडा चमकला तर शत्रूला दिसंल की."

ते गप्प बसले. पण पटलं नव्हतं.

तर, गेल्या दसऱ्याच्या आधी मी सहज बोलून गेलो की गाडी पॉलिशला टाकतोय, सावेडीत एक जण चार हजार म्हणतोय. सहज बोललेलं दाजींपुढं सहज राहत नाही.

"चार हजार? अरे, ग्राइंडर आहे की आपल्याकडं!"

आता यातली अडचण अशी. पॉलिशच्या मशीनची जी पॅड लावायची थाळी असते, तिला साधारणपणे १४ एमएमचे आटे. घरातल्या चार इंची ग्राइंडरच्या दांड्याला १० एमएमचे. म्हणजे वर सून, खाली सासू, आणि मध्ये कोणीतरी समजूतदार माणूस हवा. हा समजूतदार माणूस दुकानात शे-दोनशे रुपयांना मिळतो. पण तयार जोड विकत आणणं म्हणजे दाजींच्या लेखी हॉटेलातून पुरणपोळी मागवण्यासारखं. त्यांनी त्यासाठी ओळखीच्या लेथवाल्याकडं तीन खेपा घातल्या. पहिल्या खेपेला माप चुकलं. दुसऱ्या खेपेला आटे उलटे पडले. तिसऱ्या खेपेला लेथवाल्यानं आधी चहा पाजला आणि मग "काका, हे शेवटचं" असं सांगून पितळेचा तुकडा करून दिला.

तो त्यांनी मला दाखवला, तेव्हा खिशातून आधी रुमाल काढला. रुमालात कागद, कागदात तो. बोटाच्या पेराएवढा. दोन्ही कडांना चँफर मारलेला, आतले आटे इतके स्वच्छ की दाजींनी त्यात बोल्ट नुसता ठेवला आणि टिचकी मारली, तर तो गरगरत आपसूक खाली उतरला. शेवटच्या आट्याला थांबला. दाजींनी माझ्याकडं पाहिलं. खरं सांगतो, माझ्या भाच्याच्या बारशालाही त्यांचा चेहरा असा नव्हता.

काम खरं तर इथंच संपलं होतं. पण जगाला कारण दाखवायचं म्हणून पुढं गाडी पॉलिश करणं भाग होतं.

थाळीसाठी प्लायवूडचा सात इंची गोल कापला. त्यावर मऊपणा यावा म्हणून हवाई चपलेचा तळ चिकटवला. आता राहिली लोकर. पॉलिशचं पॅड मऊसूत कोकराच्या लोकरीचं असतं. "लोकर ती लोकर," असं म्हणून दाजींनी ताईची ट्रंक उघडली आणि कडुलिंबाच्या पाल्यात जपून ठेवलेलं आमच्या वडिलांचं घोंगडं काढलं. आमचे अण्णा रात्रपाळीचं पाणी द्यायला ते पांघरून जायचे. दख्खनी मेंढीची लोकर, त्यात विणताना दिलेली चिंचोक्याची खळ. काटा टोचला तर काटा मोडेल असं ते वस्त्र. दाजींनी त्याचा नऊ इंची गोल कापला, कड आत दुमडून सुतळीनं आवळली. ताई बाजारातून आली तेव्हा उशीर झाला होता.

ग्राइंडर मिनिटाला साधारण ११,००० फेरे घेतो. पॉलिशला हजार-दोन हजार पुरतात. मी रात्री हिशेब करून पाहिला: सात इंची थाळीची कड या वेगानं ताशी ३७० किलोमीटरच्या आसपास पळते. नगर-पुणे रस्त्यावर गाडी ऐंशीच्या वर गेली की ताई देवाचं नाव घेते. आणि गाडीच्या रंगावरचा पारदर्शक थर असतो चाळीस-पन्नास मायक्रॉनचा, म्हणजे डोक्यावरच्या केसापेक्षाही पातळ. हा हिशेब मी आदल्या रात्री करायला हवा होता.

संध्याकाळच्या उजेडात बॉनेट बरं दिसत होतं. सकाळी ऊन पडलं, तेव्हा त्यावर कोळ्यानं जाळं विणल्यासारखी गोल गोल वर्तुळं उमटली होती आणि कडेला आतला करडा प्रायमर डोकावत होता. दाजी बराच वेळ वाकून पाहत राहिले.

"रंगच हलका आहे रं."

मग त्यांना कुठूनसं कळलं की महागड्या मशीनची थाळी नुसती फिरत नाही, दांड्यापासून जरा बाजूला बसवलेली असते, फिरता फिरता डोलतेही, म्हणून वर्तुळं उठत नाहीत. झालं. थाळीचा नट पाच एमएम बाजूला बसवून घेतला. खऱ्या मशीनमध्ये तो डोल सावरायला समोरच्या अंगाला वजन असतं. ही बाब दाजींना माहीत होती, पण 'आधी नुसतं बघू' हा त्यांचा जुना स्वभाव. ग्राइंडरचं बटण लॉक करून त्यांनी तो चालू केला. दाजींचा चष्मा नाकावरून उतरला, खिशातलं पेन उडालं, आणि ग्राइंडर त्यांच्या हातातून सुटून चुकलेल्या वासरासारखा अंगणभर उधळला. ताईनं तुळशीला पाणी घालायचा तांब्या टाकून ओट्यावर उडी मारली. वायर संपली, प्लग निघाला, तेव्हा कुठं तो तुळशीपासून हातभर अंतरावर थांबला.

आम्ही सगळे धावलो ते दाजींना कुठं लागलं का पाहायला. दाजी धावले ग्राइंडरकडं. थाळी फुटली होती, चप्पल उसवली होती. त्यांनी पितळेचा जोड काढला, फुंकर मारली, त्यात बोल्ट ठेवून टिचकी मारली. तो गरगरत खाली उतरला.

"आटे शाबूत आहेत!" ते ओरडून म्हणाले.

गाडी मी शेवटी सावेडीत दिली. चारचे साडेसात हजार झाले. ताई दोन दिवस बोलली नाही. संक्रांतीच्या सुमाराला मी केडगावला गेलो, तर पहाटेच्या थंडीत शेडमध्ये दिवा लागलेला आणि दाजी व्हाइसपुढं वाकलेले. अंगावर अण्णांचं घोंगडं होतं, आणि नऊ इंची भोकातून त्यांचं डोकं बरोब्बर बाहेर आलं होतं.

"बघ," ते मान न वळवता म्हणाले, "दोन्ही हात मोकळे."