मोदक जेवत नाही

पाहुण्याने ‘पुरे’ म्हटल्यावर ज्यांचा वाढणारा हात थांबतो, अशा लोकांनीच बॉल पायथन पाळावा. आमच्या घराण्यात तसं कोणी नाही. ताटावर दोन्ही हात आडवे धरून बसलेल्या जावयाच्या बोटांच्या फटीतून जिलबी सरकवण्यात माझ्या आजोळचा हातखंडा होता. त्याच रक्ताच्या माणसाने शिकागोजवळच्या उपनगरात असा प्राणी घरी आणला, जो आठवड्यातून एकदा जेवतो आणि मनात आलं तर महिनोन्महिने जेवत नाही. यात प्राण्याचा काही दोष नाही.

मुलीला मांजर हवं होतं, पण बायकोला केसांची ॲलर्जी. कुत्रा आणला तर बर्फात त्याला फिरवायला कोण नेणार, यावर घरात एकमत झालं की बाबा. त्यावर बाबांनी नकाराधिकार वापरला. मग त्या अकरा वर्षांच्या पोरीने लायब्ररीतून पुस्तकं आणली, वहीभर टिपणं काढली आणि एका रविवारी माझ्यासमोर बाजू मांडली. केस नाहीत, आवाज नाही, फिरवावं लागत नाही, विष नाही. घाना, टोगो, बेनिन भागातला हा अजगर. पूर्ण वाढला तरी चार-पाच फुटांच्या पुढे सहसा जात नाही. घाबरला की चावायच्या आधी डोकं मध्ये खुपसून अंगाचा गोळा करून बसतो. ‘बाबा, तो तुझ्यापेक्षा भित्रा आहे,’ हा तिचा शेवटचा मुद्दा. मी हरलो.

सरपटणाऱ्या प्राण्यांच्या मेळाव्यात श्रीखंडाच्या डब्यांएवढ्या पारदर्शक डब्यांत पिल्लं ओळीने मांडून ठेवली होती. बनाना, पास्टेल, क्लाउन अशी रंगांची नावं, आणि नाव जितकं चटकदार तितकी किंमत चढी. ‘स्पायडर’ नावाचा एक देखणा वाण मला भावला होता. पण त्या रंगाच्या जनुकाबरोबर तोल जाण्याचा आणि डोकं डुलण्याचा जन्मजात दोष येतो, असं सांगून मुलीने मला तिथून बाजूला काढलं. तिने साधा काळा-तपकिरी, 68 ग्रॅम वजनाचा नर निवडला. नाव ठेवलं मोदक. का, ते त्याला गुंडाळी करून बसलेला बघितल्यावर कोणालाही कळेल.

साप स्वस्त होता. खर्च मी केला. मुलीच्या वहीत स्पष्ट लिहिलं होतं की हे साप रानात उंदरांच्या बिळांत आणि वाळवीच्या वारुळांत राहतात, त्यामुळे पिल्लाला लहान, अंधारी, अंगाला घासणारी जागा लागते. मी म्हटलं, आपल्याकडे राहायचं तर ऐसपैस राहू दे. चार फुटी काचेचा टँक आणला आणि दिवाणखान्यात टीव्हीशेजारी मांडला. आत एक शोभेची फांदी, वर दिवा. येणाऱ्याजाणाऱ्याला साप दिसला पाहिजे ना! मोदक त्या राजवाड्याच्या कोपऱ्यात पाण्याच्या भांड्यामागे तोंड लपवून बसला.

त्याच्या हवामानाची जबाबदारी माझ्याकडे आली. मी डेटाबेस सांभाळतो, त्यामुळे आकड्यांची भीती नव्हती. टँकच्या एका टोकाला 31-32 अंश सेल्सिअस, दुसऱ्या टोकाला 25-26, आणि हवेत साठ टक्क्यांच्या आसपास ओलावा. कात टाकायच्या वेळी त्याहून जास्त. मार्च महिना, घरात हीटर धडधडतोय, टँकला वरून जाळी. ओलावा तिसाच्या वर चढेना. त्याचे डोळे निळसर-दुधाळ झाले, म्हणजे कात येणार. पायमोज्यासारखी एकसंध निघायला हवी ती कात टिकल्या-टिकल्यांनी सुटली आणि अर्धी अंगालाच चिकटून राहिली. मग मी इरेला पेटून भला थोरला ह्युमिडिफायर आणला आणि दिवाणखान्यात रात्रंदिवस चालू ठेवला. जाळीखालचा ओलावा जेमतेम वाढला, पण डब्यातला चिवडा, पापड आणि बायकोची माझ्याबद्दलची मतं, सगळंच सादळलं. शेवटी मुलीने एका प्लॅस्टिकच्या डब्याला भोक पाडून आत ओलं शेवाळ भरलं आणि तो टँकमध्ये ठेवला. मोदक त्यात जाऊन बसला आणि उरलेली कात तिथे टाकून बाहेर आला.

जूनमध्ये आई आली. टँकमध्ये डोकावली आणि दोन पावलं मागे सरून म्हणाली, ‘अरे, ही घोणस आहे!’ कोकणात जन्म काढलेल्या बाईला ते डाग बघून दुसरं काय वाटणार? विष नाही, हे पटवता पटवता नाव ऐकून तिला दुसरा धक्का बसला.

‘सापाला मोदक?’

‘आजी, गणपतीबाप्पाच्या पोटाला साप बांधलेला असतो ना?’

आई गप्प झाली. मग तिने सहज विचारलं, ‘आणि हा खातो काय?’ आता गप्प बसण्याची पाळी आमची होती.

हा गोठवलेले उंदीर खातो. ते पाकिटातून येतात, वयाप्रमाणे प्रती ठरलेल्या: बिनकेसाळ ती पिंकी, लव फुटलेली ती फझी, उड्या मारायच्या वयातला तो हॉपर. आमच्या फ्रीझरमध्ये खवलेल्या ओल्या नारळाच्या शेजारी त्यांचा डबा होता. उंदीर रात्रभर फ्रीजमध्ये विरघळवायचा, पिशवीत घालून गरम पाण्यात धरायचा, अंगाला कोमट लागला की लांब चिमट्याने सापापुढे हलवायचा. मायक्रोवेव्हमध्ये ठेवला तर फुटतो, म्हणून ठेवू नये. ही शेवटची माहिती मी बायकोला दिली, आणि त्या दिवसापासून मी स्वयंपाकघरात असलो की ती मायक्रोवेव्हसमोर उभी असते.

जूनपर्यंत मोदक बरा जेवत होता. वजन 140 ग्रॅमवर गेलं होतं; स्वयंपाकघरातल्या काट्यासारखाच दुसरा काटा आणून मी दर रविवारी त्याचं वजन करायचो आणि एक्सेलमध्ये आलेख काढायचो. पण आई आली तशी तिला भेटायला मंडळातली माणसं येऊ लागली. चहा झाला की मी उठून टँकचं झाकण काढायचो आणि साप हातावर घेऊन घाना, टोगो, बेनिन सुरू करायचो. लोक फोटो काढायचे. टीव्हीवर आईची मालिका चालू असायची. आषाढीच्या सुमारास मोदकने उंदराकडे बघितलं, जीभ दोनदा बाहेर काढली, मान वळवली आणि गोळा करून बसला.

पुढच्या आठवड्यात तेच. त्याच्या पुढच्या आठवड्यातही तेच. रात्री अकरा वाजता दिवे मालवून मी चिमट्यात उंदीर धरून ओणवा, आणि मागे खुर्चीवर आई: ‘घे रे बाळा, एकच घास.’ या सापाच्या वरच्या ओठावर बारीक खाचा असतात, त्यांतून त्याला समोरच्या अंगाची ऊब कळते. म्हणून उंदीर पुरेसा गरम नसेल अशी शंका घेऊन मी बायकोचा हेअर ड्रायर आणला. पुढे त्या ड्रायरचं काय झालं ते लिहीत नाही. मंडळातले एक काका म्हणाले, दूध द्या. सापाला दूध पचत नाही, तो पितही नाही. पण नागपंचमीला आई खरंच वाटी घेऊन आली, तेव्हा मुलगी आडवी आली. ‘माहितीय गं मला,’ आई म्हणाली, ‘हे तुझं आहे. पी.’

एव्हाना आईचं मत पार बदललं होतं. सापाने चातुर्मास धरलाय असं ती फोनवर रत्नागिरीला सांगत होती. काळजी फक्त मला. मी त्याला घेऊन सापांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो, सोबत आलेख. त्यांनी तोंड उघडून बघितलं, पोट चाचपलं आणि म्हणाल्या, नऊच ग्रॅम कमी झालंय, चिंता नको. या जातीत उपास नेहमीचेच. त्याला त्रास देणं थांबवा. या एका वाक्याची फी मोदकच्या किमतीहून जास्त होती. घरी येऊन मी त्याला लगेच बाहेर काढलं, प्रवासाने दमला असेल म्हणून.

गणपती आले. ज्याचं वाहन तेच याचं जेवण, म्हणून आईच्या सांगण्यावरून उंदरांचा डबा गॅरेजमधल्या फ्रीझरमध्ये गेला. संध्याकाळी घर माणसांनी भरलं. आरतीच्या आधी कोणाच्या तरी जावयाला मी टँक उघडून दाखवला. ऐन आरतीत मुलगी कानाशी आली: ‘बाबा, झाकणाच्या क्लिपा उघड्या आहेत. तो आत नाही.’

तीस माणसं अनवाणी उभी होती. मी टाळ्या वाजवत राहिलो. मंत्रपुष्पांजली इतकी लांब आहे हे मला त्या दिवशी कळलं. प्रसाद वाटताना मी प्रत्येकाला सोफ्यावर बसवत होतो, पाय वर घेऊन आरामात बसा म्हणत होतो. माझ्या अगत्याचं कौतुक झालं.

सगळे गेल्यावर शोध सुरू झाला. फ्रीजमागे, बुटांत, सोफ्याच्या पोटात, कुठेच नाही. माग दिसावा म्हणून जमिनीवर पीठ भुरभुरायचं असतं, हे मुलीच्या वहीत होतं. आईने उकडीसाठी आणलेली तांदळाची पिठी दारादारांशी पसरली. सकाळी पिठीतून एक सरळ रेघ गेलेली होती. हा साप निवांत असला की पोटाच्या खवल्यांवर सरळ सरकत जातो. रेघ संपली ती हार्मोनियमपाशी. मी ती हौसेने विमानातून आणली होती आणि तेव्हापासून ती खोळीतच आहे. शेजारी जमिनीत हवेची जाळी. खोळीच्या आत, लाकूड आणि कापडाच्या फटीत, मोदक अंग चेपून गाढ बसला होता. इतका खूश मी त्याला कधी बघितला नव्हता.

मुलीने मला काही विचारलं नाही. तिने तिच्या वहीतलं घर तयार केलं: लहान टब, थर्मोस्टॅट, ऊबदार बाजूला एक अंधारी गुहा, थंड बाजूला दुसरी, मध्ये वाळका पाला. टब तिच्या खोलीत गेला, तीन बाजूंनी हार्मोनियमची खोळ. आठवडाभर कोणी हात लावायचा नाही, मी तर खोलीतही यायचं नाही. मग एका रात्री तिने कोमट उंदीर गुहेच्या तोंडाशी ठेवला आणि झोपून गेली. सकाळी उंदीर नव्हता.

आता तो चिमट्यातूनही घेतो. मला दारात उभं राहून बघण्याची परवानगी आहे. मान हळूच नागमोडी होते, थोडा वेळ काहीच घडत नाही, आणि पापणी लवायच्या आत उंदराला तीन वेढे पडलेले असतात. मग तो सावकाश वेढे सैल करतो, नाकाने चाचपून उंदराचं डोकं शोधतो आणि तिथून गिळायला सुरुवात करतो. त्यानंतर 48 तास त्याला उचलायचं नाही, नाहीतर ओकतो.

या जातीचं आयुष्य वीस-तीस वर्षांचं सहज. आमच्यापासून मोटारीच्या अंतरावर असलेल्या सेंट लुईसच्या प्राणिसंग्रहालयात 62 वर्षांची मानल्या गेलेल्या मादीने 2020 साली सात अंडी घातली, तीही पंधरा वर्षांहून अधिक काळ नराचं तोंड न बघता. म्हणजे मुलगी कॉलेजला जाईल, आणि निवृत्तीनंतर मी आणि मोदक. पुण्याच्या मेहुण्याने ‘येताना आम्हालाही एक आण’ असा निरोप पाठवला आहे. मुंबई आणि चेन्नईच्या विमानतळांवर बॅगांतून हेच साप पकडल्याच्या बातम्यांची कात्रणं मी त्याला पाठवली. आणि तिथला अजगर पाळीन म्हणशील तर 1972 च्या वन्यजीव कायद्याने तुरुंगात जाशील, हेही कळवलं.

आम्ही डिसेंबरात पुण्याला निघालोय. शिकागोच्या आसपास कोणाला तेवढे दिवस मोदक सांभाळायचा असेल तर जरूर सांगा. टब, थर्मोस्टॅट, वजनकाटा आणि उंदीर आमच्याकडून. फ्रीझरमध्ये डबा ठेवण्यापुरती जागा लागेल. त्याबद्दल घरच्यांना आधी विचारा आणि मगच मला फोन करा.