हवा घरपोच
सोलापुरात नळाला पाणी काही दिवसांआड. टायरची हवा मात्र आता घरच्या घरी, १२ व्होल्टच्या पंपावर. खोक्यावर ‘१५० पीएसआय’ ठळक छापलं की गिऱ्हाईक तिथंच गार. गाडीला लागतात तीस-पस्तीस. नेमका आकडा बहुधा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेला असतो. तिथं वाकून बघतो कोण? मिनिटाला किती लिटर हवा, वायर मागच्या चाकापर्यंत पोचते का, दहा मिनिटांत मशीनला धाप लागते का, हे विचारणारा दुकानदाराला किरकिऱ्या वाटतो. मग मे महिन्यात होटगी रस्त्यावरून तापून आलेल्या टायरची हवा भरदुपारी मोजायची, ‘जास्त’ म्हणून सोडायची आणि सकाळी गार टायरात कमी दिसली की पुन्हा भरायची. मशीनचे पैसे असे वसूल!