पुस्तक लपवावं कसं?

मे महिना उजाडला की घराघरांत दोन गोष्टी माळ्यावरून खाली येतात. एक लोणच्याच्या बरण्या आणि दुसरं ‘सुट्टीत काहीतरी वाच रे’ हे वाक्य. बरण्या निदान धुऊन, उन्हात वाळवून घेतात. वाक्य तसंच वापरतात.

नववी संपवून दहावीच्या व्हेकेशन बॅचला जाणाऱ्या आणि सकाळी साडेदहालाच मोकळ्या होणाऱ्या मुलावर या वाक्याचा काय परिणाम होतो, ते मी माझ्या भाच्यावर जवळून पाहिलं आहे. तो ‘हो’ म्हणतो आणि पंखा एक आकड्याने वाढवतो.

यंदा ताईने यादी केली. नुसती केली नाही, लॅमिनेट करून फ्रिजवर लावली. श्यामची आई, ययाति, मृत्युंजय, अग्निपंख. पुढे तीन रकाने : पानं किती, कधी संपवणार, बोध काय घेतला. श्यामची आई साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिली. ४२ रात्रींचं ते पुस्तक. श्याम रात्री गोष्ट सांगतो आणि ऐकणारे उद्याच्या रात्रीची वाट पाहतात. ताईने हिशेब घातला. सुट्टीही साधारण तेवढ्याच दिवसांची, तेव्हा रोज एक रात्र, दुपारी चारच्या आत.

पुस्तकांचा यात काडीचा दोष नाही. ययाति मी अकरावीत पांघरुणात टॉर्च घेऊन वाचली, कारण आईने ती माझ्या हातातून काढून घेत ‘हे तुझ्या वयाचं नाही’ असं म्हटलं होतं. खांडेकरांना त्या पुस्तकानंतर ज्ञानपीठ मिळालं, पण आमच्या घरात कामाला आलं ते आईचं वाक्य. त्या अनुभवावरून आणि नंतरच्या बऱ्याच प्रयोगांवरून मी पुढील पद्धत सिद्ध केली आहे. गरजू पालक, मावश्या, आत्या आणि वर्गशिक्षक यांनी ती विनामूल्य वापरावी.

साहित्य : एक कपाट, कुलूप असलेलं, पण किल्ली कुठे असते ते सगळ्यांना ठाऊक असलेलं. एक माळा, स्टूल घेऊन चढता येईल असा. वीस-पंचवीस पुस्तकं, त्यांतली निम्मी तरी घरातल्या मोठ्यांनी स्वतः वाचलेली. ही शेवटची अट जाचक आहे याची मला कल्पना आहे.

आता जागा. पुस्तक अभ्यासाच्या टेबलावर ठेवू नये, तिथे त्याची नोटीस होते. उशाशी ठेवू नये, तिथे त्याचं औषध होतं. शोकेसमध्ये तर मुळीच ठेवू नये. उत्तम जागा माझ्या आजोबांची. ते ज्ञानेश्वरीच्या मागे नारायण धारप ठेवत. पुढून देवघराची शिस्त, मागे समर्थ आणि त्यांनी पळवून लावलेली भुतं. आठवीच्या सुट्टीत धूळ पुसायला म्हणून मी ज्ञानेश्वरी उचलली आणि मागून एक कळकट पुस्तक पडलं. पुठ्ठा सुतळीने बांधलेला, सुरुवातीची तीन पानं गायब, मधल्या पानावर कुणीतरी हिशेब केलेला : ‘रवा, गूळ, काडेपेटी’. ते घेऊन मी पत्र्याखालच्या माळ्यावर, गव्हाच्या कोठीला टेकून दोन दुपारी बसले. घामाने बोटं पानांना चिकटत होती. तिसऱ्या दिवशी संध्याकाळनंतर मागच्या अंगणात जायची माझी हिंमत होईना, तेव्हा आजोबांना कळलं. ते काही बोलले नाहीत. पुढच्या आठवड्यात ज्ञानेश्वरीमागे दुसरं पुस्तक होतं.

पालकांनी इथे आजोबांचं तंत्र नीट लक्षात घ्यावं. त्यांनी ‘आवडलं का?’ विचारलं नाही. ‘यातून काय शिकलीस?’ तर नाहीच. पुढे मी गावच्या वाचनालयात जाऊन भुतांवर काही आहे का विचारलं. ग्रंथपालांनी चष्म्यावरून पाहिलं आणि मराठी विश्वकोशाकडे बोट दाखवलं. वाईहून निघालेले ते जाडजूड खंड ‘फक्त संदर्भासाठी’ म्हणून कुलपात होते, म्हणजे अगदी योग्य जागी. मी खंड उघडला. भूत शोधताना आधी भुईमूग लागला. त्याचं फूल जमिनीवर येतं आणि फुलाचा देठासारखा भाग खाली वाकून मातीत शिरतो, मग शेंग धरते ती आत, अंधारात, हे मला तोवर माहीत नव्हतं. शेंगा मात्र रोज खात होते. त्या दुपारी मी भुईमूगच वाचला. भूत अजून वाचायचं राहिलं आहे.

वाचनालयाचा विषय निघालाच आहे तर एक सूचना. ‘चिठ्ठीवर नाव लिहा, पुस्तक आणून देतो’ म्हणणाऱ्या काउंटरवर मुलाला नेण्यात अर्थ नाही. काय हवं ते आधीच माहीत असतं तर ते पोर आलं कशाला असतं? मुक्तद्वार वाचनालय शोधावं, कपाटांमधल्या बोळात त्याला सोडावं आणि स्वतः वर्तमानपत्राच्या टेबलाशी जाऊन बसावं. ड्युई पद्धतीने मांडणी असेल तर फार सोय होते. मुलाला पुस्तकाचं नाव सांगू नये, आकडा सांगावा. ‘१३३ च्या खणाकडे सहसा कोणी जात नाही,’ एवढंच म्हणावं. १३३ हा भुताखेतांचा क्रमांक आहे आणि तो तत्त्वज्ञानाच्या रांगेत येतो. क्वचित एखादं मूल चुकून शेजारच्या कपाटातलं तत्त्वज्ञान उचलतं. अशा वेळी घाबरू नये.

रहस्यकथांना पालक नाकं मुरडतात. बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या, आणि ‘आम्ही त्यांच्यावर वाढलो’ म्हणणारे आजोबाच नातवाला चरित्रं वाचायला सांगतात. वाचनालयातल्या अशाच एका रहस्यकथेच्या पहिल्या पानावर कुण्या दुष्टाने पेन्सिलीने खुन्याचं नाव लिहून ठेवलं होतं. मी तरीही शेवटपर्यंत वाचलं, कारण ते नाव खरं की खोटं ते पाहायचं होतं. खोटं होतं. तो अज्ञात इसम माझ्या मते वाचन-चळवळीचा थोर कार्यकर्ता होय.

जमल्यास लेखकही लपवावा. याला थोर आधार आहे. जयंत नारळीकरांनी १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवली ती नारायण विनायक जगताप या नावाने. स्वतःची आद्याक्षरं उलटी करून. नाव पाहून परीक्षक दबू नयेत म्हणून. कथेला पहिलं बक्षीस मिळालं. तेव्हा ‘जगप्रसिद्ध शास्त्रज्ञाचं पुस्तक आहे, वाच’ म्हणण्याआधी दोनदा विचार करावा. मुलं परीक्षकांहून लवकर दबतात.

ज्यांच्या घरात लपवायलाही जागा नाही, त्यांनी पाचगणीजवळ भिलारला जावं. स्ट्रॉबेरीचं गाव. ४ मे २०१७ पासून ते पुस्तकांचं गावही झालं. सुरुवातीला २५ ठिकाणी, लोकांच्या राहत्या घरांत वगैरे, विषयवार पुस्तकं मांडली. दुसऱ्याच्या ओसरीवर, कुकरची शिट्टी ऐकत, कुणीही यावं आणि वाचत बसावं. कोणत्या घरात शिरायचं ते मात्र मुलाला ठरवू द्यावं. तुम्ही स्ट्रॉबेरी घ्या.

अर्धवट टाकलेल्या पुस्तकाबद्दल बोलू नये. तेच पुस्तक चौथ्यांदा वाचलं तरी बोलू नये. फुरसुंगीचा फास्टर फेणे संकटातून सुटणार हे ठाऊक असूनही मुलं तो पुन्हा वाचतात. मोठी माणसं तीच मालिका पुन्हा पाहतात, त्यांना कोणी बोधाचा रकाना भरायला लावत नाही. मोबाइल हिसकावून पुस्तक हातात देणं हा तर शुद्ध अडाणीपणा. त्याने पुस्तकाला शिक्षेचा वास लागतो आणि तो दिवाळीपर्यंत जात नाही.

आता प्रयोगाचा निकाल, प्रामाणिकपणे. भाचा आठ दिवस माझ्याकडे होता. मी धारपांचं एक पुस्तक इस्त्रीच्या कपड्यांखाली ठेवलं, अर्नाळकर इन्व्हर्टरवर, नारळीकर तांदळाच्या डब्यामागे. कपाटाला कुलूप लावलं आणि किल्ली त्याच्यादेखत, चोरटेपणाचा अभिनय करत, घड्याळामागे ठेवली. रोज तपासत होते. इन्व्हर्टरवर धूळ साचत गेली. किल्ली हलली नाही.

पाचव्या दिवशी बाहेरून आले तर स्वयंपाकघरात तेलाचा धूर, ओट्यावर मैदा, आणि ओट्याखाली फतकल मारून बसलेला भाचा. मांडीवर कमलाबाई ओगल्यांचं रुचिरा. १९७०चं पुस्तक, माझ्या सासूबाईंची प्रत, कणा तुटलेली, हळदीच्या बोटांची. ते मी लपवलंच नव्हतं, मिक्सर डुगडुगू नये म्हणून त्याच्याखाली सरकवलेलं होतं. मिक्सर हलवताना त्याला दिसलं आणि ‘वाटी म्हणजे नक्की कोणती वाटी’ या प्रश्नाने त्याला पकडलं. घरातल्या पाच वाट्या त्याने पाणी भरून मापल्या होत्या. मग शंकरपाळे. पहिला घाणा तेलात पार विरघळला होता. दुसऱ्यासाठी तो मागची-पुढची पाककृती ताडून पाहत होता.

ताईचा फोन आला. “वाचतोय का काही?” मी ‘हो’ म्हटलं. “कुठलं?” मी सांगितलं. पलीकडे बराच वेळ शांतता.

“मावशी,” भाच्याने मान वर न करता विचारलं, “हा मोहन कोण? इथे जास्त घालू नका म्हटलंय.”

नियमानुसार मी उत्तर दिलं नाही. जिन्याखालच्या काकूंना विचार म्हटलं. तो पिठाच्या हातांनीच, पुस्तक काखेत मारून, खाली पळाला.